पेज भरवण्याआधी: खाण्याचे विकार आणि मेंदू

जर्मन डॉक्टर कार्ल व्हेर्निके यांनी 1881 मध्ये मेंदू बिघडलेल्या तीन रुग्णांची नोंद केली. बुबुळे हलेनाशी झालेली, चालताना झोक जाणारा, मन भ्रमलेले. तिघेही दगावले. त्यांतले दोघे पुरुष दारू पिणारे होते, आणि वैद्यकाने लक्षात ठेवले ते तेवढेच. तिसरी होती 20 वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. गंधकाम्ल प्यायल्याने तिच्या जठराचे खालचे तोंड आवळले होते, उलट्या थांबत नव्हत्या. पोटात अन्न ठरले नाही तर मेंदू बिघडतो, हे पहिल्याच नोंदीत होते. तरीही हा दारूचा आजार ठरला. दारूला न शिवलेली, जेवण टाळणारी किंवा जेवून मुद्दाम उलटी काढणारी मुलगी अजूनही यामुळेच नजरेतून सुटते.

अ‍ॅनोरेक्सियाचे, म्हणजे खाणे टाळत कृश होत जाण्याच्या विकाराचे, वर्णन विल्यम गल आणि शार्ल लासेग या डॉक्टरांनी 1873 मध्येच केले होते. खाणे टाळणे आणि मेंदू बिघडणे हे दोन्ही धागे जुळले ते भातामुळे. 1890 च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांना दिसले, की सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. कोंड्यातले ते द्रव्य, थायमिन म्हणजे बी-1, 1926 मध्ये वेगळे काढता आले. गोव्याच्या उकड्या तांदळात ते बऱ्यापैकी टिकते, कारण भात सालासकट उकडताना ते दाण्यात मुरते. शरीरात त्याचा साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम. खाण्यातून भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो संपतो, आणि व्हेर्निके यांनी पाहिलेला मेंदूचा बिघाड होतो तो यामुळेच.

खरा घात होतो तो पुन्हा खायला लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेली माणसे पोटभर जेवल्यावर दगावली. पिष्ट पोटात गेले की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. मग झटके, भ्रम, हृदयाचे ठोके चुकणे. आपल्याकडे आजाऱ्याला आधी पेज देतात, मायेनेच देतात. पण कित्येक दिवस उपाशी असलेल्या मुलीला ती वाडगाभर पाजण्याआधी इस्पितळ गाठावे. तिथे थायमिन शिरेतून आधी, ग्लुकोज नंतर. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन लागू पडत नाही, म्हणून तेही भरून काढावे लागते. धोका फार असेल तर आहाराची सुरुवात वजनाच्या किलोमागे रोज 10 किलोकॅलरी किंवा त्याहूनही कमी ठेवून करतात, आणि रक्त रोज तपासतात.

वजन फार उतरल्याची एक खूण घरातही दिसते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणाऱ्या नसेवरची चरबी झिजते. पायावर पाय टाकून बसले की ती नस दबते, पाऊल वर उचलत नाही आणि चालताना चपलेचे टोक जमिनीवर घासत जाते.