एवढं लांब आणि तिकिटावर सहाच तास?

आम्ही विमानाचं तिकीट पाठवलं की बऱ्याच जणांचा फोन येतो, नेटवर अंतर 15,000 किमीच्या वर दाखवतंय आणि तिकिटावर रात्री 12 ला सुटून सकाळी 6 ला पोचतंय, काहीतरी चुकलंय बघा. चुकलेलं काही नसतं. सुटायची वेळ निघता तिथल्या घड्याळाची आणि पोचायची वेळ उतरता तिथल्या घड्याळाची छापतात, त्यामुळे थेट वजाबाकी करायचीच नाही.

सिंगापूर ते न्यूयॉर्क घ्या. जगातल्या सगळ्यात लांब नॉनस्टॉप फ्लाइट्समधली एक, सुमारे 15,350 किमी, जवळपास 19 तास. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 13 तास मागे असतं. म्हणजे समजा सिंगापूरहून रात्री 12 ला निघालात, 19 तासांनी सिंगापुरात संध्याकाळचे 7 वाजतील पण न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेचे सकाळचे 6. परतताना उलटं, सकाळी 10 ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6, आणि तिकीट बघून वाटतं की 32 तास बसून राहायचंय! उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात, सिंगापुरात नाही, तेव्हा फरक 12 तासांचा होतो. सोपा उपाय म्हणजे दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ) करून घ्या आणि मग वजा करा.

आता अंतर. नेटवरचा आकडा पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात जवळच्या रस्त्याचा असतो (आणि तो मैलात आहे की किलोमीटरमध्ये हे आधी बघा, 1 मैल म्हणजे 1.6 किमी, इथेच निम्मे गोंधळ होतात). विमान साधारण ताशी 900 किमीने जातं म्हणून भागाकार केला तर अंदाज येतो, पण अंदाजच. विमान धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालतं तो वेळ, टेकऑफ, लँडिंगचा वेळ वेगळा, आणि वारा तर सगळं गणितच बदलतो. वर जेटस्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं.

कधी रस्ताच बंद असतो. 2022 मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो साडेनऊ तासांवरून 13 च्या आसपास गेलं, अंतर नेटवर अजून तेवढंच दिसतं.

मधे स्टॉप असेल तर अंतर विसरा, एकूण वेळ बघा, त्यात थांबा धरलेला असतो. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मात्र तो हिशोब कुणी करून देत नाही, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी एअरलाइन सहसा थांबत नाही, आम्ही तरी असं बुकिंग टाळायलाच सांगतो.

हॉटेल घेण्याआधी पोचायच्या वेळेपुढे बारीक +1 किंवा +2 (म्हणजे निघायच्या तारखेनंतर एक किंवा दोन दिवसांनी पोचणार) आहे का ते बघा, रूम त्या तारखेची लागते.