तांबड्या रश्श्याचा डबा आणि दीडशे घोडे

गेल्या जानेवारीत मावशीला कोल्हापूरहून पुण्याला लेकीकडे सोडायचं होतं. मावसभावाने नुकतीच नवी गाडी घेतली होती, त्यामुळे एसटीचा प्रश्नच नव्हता. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कागदावर १५० अश्वशक्ती, बसकी, रुंद, बघितल्यावर मान वळावी अशी सेडान. मी पुढे बसलो. मावशी मागे, आणि तिच्या मांडीवर कडीचा स्टीलचा डबा. डब्यात तांबडा रस्सा. 'डिकीत ठेवूया की' असं आम्ही दोघांनी एकेकदा म्हणून पाहिलं. पुण्यात असला मिळत नाही, एवढंच ती म्हणाली आणि विषय संपला.

तावडे हॉटेलवरून हायवेला लागलो. भावाला गाडी दाखवायची होती. किणी टोलनाका ओलांडला तसा काटा शंभरावर, मग थोडा पुढे. पेठ नाक्याच्या अलीकडे एका ट्रकला मागे टाकून डावीकडे यावं तर समोर उसाची जोडट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक. गाडीने काम चोख केलं. डब्याने केलं नाही. रस्सा झाकणातून पदरावर आला आणि पुढची दहा मिनिटं मावशीने लेकाचा जो उद्धार केला तो इथे छापण्यासारखा नाही.

मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, म्हणून असेल, पण मला तो डबा एकदम उपकरणासारखा दिसायला लागला. गाडीचा वेग बदलला की भांड्यातल्या द्रवाचा पृष्ठभाग तिरपा होतो, आणि किती तिरपा होतो ते वेग किती झटक्यात बदलला यावर ठरतं. ताशी १०० वरून ३० वर पाच सेकंदांत आलो, तर मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश होतं. रस्सा साधारण २२ अंशांनी कलंडतो. तोच वेग पंधरा सेकंदांत उतरवला, तर कल सात-आठ अंशांचा. गळ्यापर्यंत भरलेल्या डब्याला सात अंश पचतात, बावीस पचत नाहीत.

आता हाच प्रसंग पेट्रोलच्या हिशेबात. तीन माणसांचं वजन आणि सामान धरून अशी गाडी साधारण १,५५० किलो भरते. ताशी १०० वरून ३० वर येताना तिची जवळजवळ साडेपाच लाख ज्यूल गतिज ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. ती परत मिळवायची, तर इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी सुमारे ६० मिलीलिटर पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे एक कटिंग चहा. एका ट्रॉलीमागे एक कटिंग. पुण्यापर्यंत अशा ट्रॉल्या, ट्रक, टोलनाके, रुंदीकरणाच्या कामाची वळणं किती लागतात ते या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

इथे एक बारकावा आहे. ब्रेक जोरात मारला काय आणि हळू मारला काय, वेग तेवढाच कमी झाला तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा तेवढीच. मग हळू चालवून पेट्रोल वाचतं कसं? वाचतं ते पाय लवकर उचलल्यामुळे. ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी गिअरमध्ये असली की आजकालची इंजिनं इंधनाचा फवारा पूर्ण बंद करतात. गाडी स्वतःच्या साठलेल्या गतीवर धावते. शंभराच्या वेगाला हवेचा आणि टायरचा विरोध एवढाच असतो, की ताशी वेग सेकंदाला जेमतेम एक किलोमीटरने उतरतो. इंजिनाच्या ओढीमुळे त्याहून थोडा जास्त. अर्धा किलोमीटर आधी ट्रॉली दिसली आणि पाय उचलला, तर त्या अर्ध्या किलोमीटरला पेट्रोल लागतच नाही, आणि बहुतेक वेळा तोवर उजवी लेन मोकळी होऊन ब्रेकची गरजही उरत नाही.

भावाचा प्रश्न वेगळा होता. 'गाडी दीडशे घोड्यांची, मग ॲव्हरेज कमी देणारच की रे?'

हा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जायला गाडीला दोनच विरोध मोडायचे असतात: टायरचा आणि हवेचा. टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. आमच्या गाडीला तो दीडशे न्यूटनच्या आसपास. हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ला दोन्ही जवळपास बरोबरीचे असतात, १२० ला हवा टायरच्या अडीचपट होते. दोन्ही मिळून हिशेब केला तर ८० च्या वेगाला लागतात सुमारे १० घोडे, १०० ला १६ आणि १२० ला २४. बाकीचे सव्वाशे घोडे तबेल्यात उभे असतात. ते ओव्हरटेकला आणि घाटाला.

पण तबेल्यात उभ्या घोड्यालाही वैरण लागतेच, आणि समजातला खरा अर्धा भाग तो हाच. आपल्याकडची उपमा द्यायची तर तालमीतल्या पैलवानाची देतो. पैलवानाला पाण्याची कळशी उचलायला लावली म्हणून त्याचा खुराक कळशीएवढा होत नाही. बदाम, तूप, थंडाई ठरल्याप्रमाणे लागतं. इंजिनाचा खुराक म्हणजे आतलं घर्षण, आणि पेट्रोल इंजिनात त्याच्या जोडीला श्वासाची ओढाताण. कमी ताकद हवी असली की थ्रॉटलची झडप जवळपास मिटते, आणि पिस्टनना त्या फटीतून हवा ओढावी लागते. गंगावेशीतलं धारोष्ण दूध पेल्याने न पिता बारीक नळीने ओढायला लावलं तर पैलवानाचंही तोंड दुखेल. म्हणूनच जे इंजिन भरपूर ताकद काढताना पेट्रोलमधली तेहतीस-पस्तीस टक्के ऊर्जा चाकांकडे पाठवतं, तेच आरामात चालताना वीस-पंचवीसवर येतं.

यावर इंजिनवाल्यांनी काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ लिटर टीएसआय इंजिनात भार कमी असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद होतात. पिस्टन वरखाली होतच राहतात, पण त्यांच्या झडपा मिटलेल्या. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि परत ढकलते. दोन पैलवान आखाड्याच्या कट्ट्यावर बसले, उरलेल्या दोघांनी कळशा उचलायच्या. आता त्या दोघांना नीट काम मिळालं, थ्रॉटल जास्त उघडावा लागला, श्वास मोकळा झाला. डॅशबोर्डवर '२ सिलिंडर' अशी खूण उमटते ती ही. भाऊ गाडी रपाटत होता तोवर ती खूण आम्हाला सातारा येईपर्यंत दिसलीच नाही.

वेगाचा थोडा व्यवहारही बघू. कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर. सलग १०० ने गेलात तर दोन तास अठरा मिनिटं, सलग १२० ने गेलात तर एक तास पंचावन्न. फरक तेवीस मिनिटांचा, तोही रस्ता मोकळा असेल तर, जो नसतो. त्या तेवीस मिनिटांसाठी प्रत्येक किलोमीटरला चाकांवर २८ टक्के जास्त काम करावं लागतं. (भार वाढला की इंजिन थोडं सुधारतं, त्यामुळे पेट्रोल अगदी तेवढंच वाढत नाही.) शिवाय दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर २०१८ पासून केंद्राची कमाल मर्यादाच ताशी १०० ची आहे, आणि जिथे पाटी त्याहून कमी सांगते तिथे पाटी खरी.

ज्या उसाच्या नावाने आपण शिव्या घालतो तो ऊस टाकीतही असतो, हे मात्र गमतीचं. पंपावरचं पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, आणि आपल्या भागात इथेनॉल म्हणजे उसाचा रस आणि मळी. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. मिश्रणात प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. तेव्हा 'पूर्वी अठरा द्यायची, आता सतरा देते' ही तक्रार मनाचे खेळ नव्हेत. दुसरी बाजू अशी की इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो आणि टर्बो इंजिनाला ते मानवतं; दाबाखाली मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड कमी होते.

आता मावशीच्या सीटकडे. अशा गाड्यांची मागची सीट दिसते तेवढी सुखाची नसते. साध्या कारची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हलते. वळणावर गाडी झुकू नये म्हणून खेळकर सेडानच्या स्प्रिंग कडक ठेवतात, टायरची भिंत बुटकी ठेवतात. त्यामुळे रस्त्याची बारीक थरथर वर जास्त पोचते, आणि बसलेल्या माणसाचं पोट, मणके नेमके सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या थरथरीला सगळ्यात जास्त दाद देतात. त्यातून मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ. पुढे बसलेला म्हणतो 'काय भारी बसते गाडी रस्त्याला', आणि मागे कंबर बोलायला लागते. दोघेही खरंच बोलत असतात.

मळमळ मात्र थरथरीने होत नाही. ती संथ हेलकाव्यांनी होते, पाचेक सेकंदांनी एक असे. कर, सोड, कर, सोड, असा ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचा खेळ चालला की गाडी नेमकी त्याच तालात पुढे-मागे होते. चालवणाऱ्याला त्रास होत नाही, कारण पुढचा झटका कधी येणार हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. झटका देणारा तोच. म्हणजे डब्याला जे बाधतं तेच पोटाला, आणि तेच पेट्रोललाही. वेगळं वेगळं काही सांभाळायचं नाही.

आवाजाचं गणित सगळ्यात तिखट. गाडीवरून सुसाटणाऱ्या हवेच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १२० वर गेलात, वेग दीडपट, आवाजाची शक्ती अकरापट. कानाला ते सुमारे दहा डेसिबल जास्त, म्हणजे जवळपास दुप्पट मोठं वाटतं. आपण मग गाणी मोठी करतो, गप्पा ओरडून मारतो, आणि पुण्यात उतरल्यावर डोकं का जड झालंय ते कळत नाही.

एसीबद्दल फार लिहीत नाही. शंभराच्या वेगाला खिडक्या उघडून काही वाचत नाही, हवेचा विरोधच वाढतो, एसी लावा. फक्त आतलीच हवा फिरवण्याचं बटण तासन् तास दाबून ठेवू नका. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२० च्या आसपास. बंद गाडीत चार माणसांच्या श्वासाने तो काही मिनिटांत हजारावर जातो आणि चढत राहतो. दुपारी जेवणानंतर येणारी गुंगी सगळी जेवणाचीच नसते. टायरची हवाही थंड टायरवर, पूर्ण भाराच्या आकड्याने भरा. तो आकडा बहुतेक वेळा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे छापलेला असतो आणि कुणीही वाचत नाही.

जाताना स्क्रीनवर ॲव्हरेज आलं १३.६. मी काही बोललो नाही, पण परतीला मावशीही होती, कारण लेकीकडे दोन दिवसांतच कंटाळली. डबा रिकामा परत येत नसतो, या वेळी त्यात पुरणाच्या कडबूचा कट होता. म्हणजे पुन्हा पातळच. तिने तो मांडीवर घेतला आणि लेकाकडे नुसतं बघितलं.

खेड शिवापूरपासून भावाने गाडी नव्वद-पंचाण्णववर ठेवली. खंबाटकीला जाताना बोगदा लागला होता, पुण्याकडून येताना मात्र घाट चढावा लागला. आमच्या वजनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला दीडशे ते पावणेदोनशे मिलीलिटर पेट्रोल लागतं, स्क्रीनवरचा आकडा चढावर सात-आठपर्यंत पडतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. उतारावर गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन फुकट पळतं आणि त्यातलं बरंचसं परत मिळतं. उतारावर न्यूट्रल टाकणारे काका प्रत्येक घरात असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं, गिअरमध्ये जळत नाही. आणि इंजिनाची ओढ गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे चढ-उताराचा जमाखर्च शेवटी जवळपास मिटतो.

कराडच्या पुढे ती '२ सिलिंडर'ची खूण लागली की बराच वेळ जातच नव्हती. मावशी उंब्रजलाच झोपली होती. किणीच्या आधी परत एक जोडट्रॉली आली. भावाने लांबूनच पाय उचलला, ब्रेक न लावता लेन बदलली, आणि कटाच्या डब्याकडे आरशातून एक नजर टाकली. शिरोलीजवळ पंचगंगेचा पूल लागला तेव्हा स्क्रीनवर होतं १७.९. वेळ जास्त लागला होता वीस-बावीस मिनिटं, पेट्रोल वाचलं होतं चार लिटरच्या वर.

आता, एक जाणं आणि एक येणं म्हणजे प्रयोग नव्हे. वारा, गर्दी, उन्हाची वेळ, सगळं वेगळं होतं. शिवाय स्क्रीनवरचे आकडे बऱ्याचदा थोडे उदार असतात. खरं मोजायचं तर टाकी ऑटो कट होईपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत, भरायची, मधले किलोमीटर टिपायचे, आणि परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा ऑटो कटपर्यंतच भरायची. पुण्याहून निघताना आम्ही टाकी तशीच भरली होती. पंप दुसरा, पण निदान ऑटो कट तरी होता. मी वहीत किलोमीटर लिहिले होते. भाऊही आता इरेला पेटला होता.

कोल्हापूरच्या पंपावर नोझल खटकन बंद झालं. मी वाकून आकडा वाचणार, तेवढ्यात पंपावरच्या पोराने हसत पुन्हा दांडा दाबला.

'राउंड फिगर करतोय, सायेब.'