किती तास खेळतो, यावरून व्यसन ठरत नाही

'दिवसाला दोन तासांच्या वर गेम खेळला की मुलाला व्यसन लागलं' हे पालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही रोगसूची २०२२ पासून लागू आहे आणि तिच्यातल्या गेमिंग विकाराच्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. पाहायच्या त्या तीन गोष्टी: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं. त्यामुळे घर, शाळा किंवा मैत्री यांची ठळक हानी व्हायला हवी, तीही साधारण १२ महिने. लक्षणं तीव्र असतील तर निदान त्याआधीही होतं.

म्हणून घड्याळाआधी झोप, जेवण आणि शाळेची हजेरी पाहा. झोप तुटत असेल तर फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा.

ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. बॅटल रॉयालचा, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो अशा गेमचा, एक डाव २५-३० मिनिटंही चालतो. मध्येच वायफाय बंद केलं की सोबत्यांचा डाव बिघडतो आणि घरात भांडण पेटतं. मर्यादा मिनिटांत नको, डावांत ठरवा: 'आज दोन डाव.'

'गेममुळे मूल हुशार होतं' ही उलट बाजूची अतिशयोक्तीही नको. २००३ च्या एका प्रयोगात रोज एक तास, असे दहा दिवस अ‍ॅक्शन गेम खेळलेल्यांचं दृश्य-अवधान (नजरेने एकाच वेळी अनेक गोष्टी टिपणं) सुधारलं, टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम खेळलेल्यांचं तेवढं नाही. पण त्यातून गणिताचे गुण वाढतात असं सिद्ध होत नाही.