समीकरणाची फेरमांडणी

समीकरणातल्या राशींमधले नाते न बदलता त्यांपैकी हवी ती राशी बरोबर चिन्हाच्या एका बाजूला एकटी आणणे, या क्रियेला समीकरणाची किंवा सूत्राची फेरमांडणी म्हणतात. अंतर = वेग × काळ हे सूत्र वेग = अंतर ÷ काळ असे लिहिले तर नवीन माहिती काहीच मिळत नाही. जुनीच माहिती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागते, एवढेच. शाळेत या क्रियेची पहिली ओळख 'पक्षांतर' या नावाने होते.

मूळ नियम : दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली की बरोबरी टिकते. वर्गात मात्र याची 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' अशी आखूड आवृत्ती पाठ होते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिणारा विद्यार्थी दरवर्षी सापडतो. त्याने नियम मोडलेला नसतो, पाठ केलेला नियम इमानाने चालवलेला असतो. ३ हा क्ष ला गुणून बसला आहे, म्हणून तो भागाकारानेच सुटतो. क्रमही उलटा लागतो. ५क्ष + ७ = ४२ मध्ये क्ष ला आधी ५ ने गुणले आणि मग ७ मिळवले; सोडवताना आधी ७ वजा करायचे, मग ५ ने भागायचे. शेवटची गाठ आधी सोडावी तसे.

इतिहास : ही उलट क्रिया आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगितली आहे : गुणक भाजक होतो, भाजक गुणक होतो, मिळवलेले वजा होते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये समीकरणांचे नियम दिले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे येतात आणि दोन्ही पक्षांतून समान पदे काढण्याला समशोधन म्हटले जाते. (भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे.) नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथनामातल्या 'अल-जब्र' या शब्दाचा रोखही वजा पद दुसऱ्या बाजूला भरून काढण्याकडेच आहे. बरोबरचे आजचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये वापरले. खरा पालट मात्र १५९१ मध्ये फ्रान्स्वा व्हिएतने केला. त्याने अज्ञात राशींबरोबर ज्ञात राशींनाही अक्षरे दिली. त्याआधी एकेक उदाहरण सुटत होते. त्यानंतर सगळ्या उदाहरणांचे मिळून एक सूत्र झाले आणि त्यातले कोणतेही अक्षर बाहेर काढता येऊ लागले.

धरणाचे उदाहरण : पावसाळ्यात नाशिककर रोज ज्या दोन एककांत बोलतात, ती म्हणजे क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग 'व' क्युसेक, काळ 'क' दिवस आणि सोडलेले एकूण पाणी 'घ' टीएमसी मानू. दिवसाचे सेकंद ८६,४००. अब्जाला त्याने भागले की ११,५७४ येतात, म्हणून

घ = व × क ÷ ११,५७४

विसर्ग ११,५७४ क्युसेक ठेवला तर चोवीस तासांत बरोबर एक टीएमसी पाणी खाली जाते. ३,००० क्युसेकने तेवढेच पाणी जायला किती दिवस, हा प्रश्न आला की क = ११,५७४ × घ ÷ व असे फिरवायचे; उत्तर येते ३ दिवस साडेवीस तास. दोन दिवसांत एक टीएमसी सोडायचे असेल तर व = ११,५७४ × घ ÷ क, म्हणजे ५,७८७ क्युसेक. समीकरण एकच, प्रश्न तीन.

त्यातले नाते मात्र कोणती राशी धरून ठेवली यावर ठरते. विसर्ग कायम असेल तर पाणी आणि काळ यांत समचलन असते आणि आलेख सरळ रेषेचा येतो. पाणी कायम असेल तर विसर्ग आणि काळ यांत व्यस्तचलन असते : विसर्ग दुप्पट, तर काळ निम्मा. आणखी एक गोष्ट समीकरण कधीच सांगत नाही : कोणामुळे काय घडते. व = ११,५७४ × घ ÷ क असे लिहिले म्हणून काळामुळे विसर्ग होत नाही; दरवाजे किती उचलायचे ते धरणावरची माणसे ठरवतात.

पुराचे पाणी : नाशिकच्या गोदाघाटावर पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात : कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. विसर्ग दुप्पट झाला तर पाणी दुप्पट चढेल, असा हिशेब मनात होतो. तो चुकीचा आहे. रुंद, उथळ पात्रात उतार आणि तळाचा खडबडीतपणा तोच असेल, तर उघड्या पात्रातल्या प्रवाहासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रानुसार विसर्ग हा खोलीच्या ५/३ या घाताच्या प्रमाणात वाढतो. फेरमांडणी केली की खोली ही विसर्गाच्या ३/५ या घाताच्या प्रमाणात येते. म्हणजे विसर्ग दुप्पट झाला तर तळापासून मोजलेली खोली साधारण दीडपट होते. उलट खोली दुप्पट व्हायला विसर्ग तिपटीहून जास्त लागतो. घाटाच्या पायऱ्या, पूल आणि वळणे यांमुळे प्रत्यक्षात हा अंदाजच राहतो, पण नात्याचा आकार कळतो. 'जास्त तर जास्त' एवढ्यावर थांबणाऱ्याला तो कळत नाही.

देवळालीचे उदाहरण : फेरमांडणीचा उपयोग केवळ राशी एकटी करण्यापुरता नसतो. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक प्रसिद्ध आहे. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची आणि हेच पुन्हा करत राहायचे (मध्ये तीन अंक उरले तर पुढे शून्य धरून). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी अशी होते :

(१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ)

पदे जुळवून घेतली की उरते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). चार अंक गेले, दोन फरक राहिले. या फरकांच्या जोड्या फक्त ५४, म्हणून अशा ८,९९१ संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ७६४१ आणि ९८६३ या दिसायला वेगळ्या संख्या, पण दोन्हींत फरक ६ आणि २; दोन्हींचे उत्तर ५९९४ + १८० = ६१७४. पहिल्या मांडणीकडे कितीही वेळ बघितले तरी हे दिसत नाही.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, ती स्वयंभू. दोन अंकी १०अ + ब पासून ११अ + २ब तयार होते. त्याची किंमत २० हवी असेल तर ब = (२० − ११अ) ÷ २. अ = ० घेतला तर ब = १०, तो अंक नव्हे; अ = १ घेतला तर साडेचार. अ = २ ला ब ऋण होतो. म्हणून २० स्वयंभू. २१ ला मात्र १५ हा जनक सापडतो.

मर्यादा : भागताना भाजक शून्य नाही याची खात्री हवी; क्ष² = ५क्ष ला क्ष ने भागले की क्ष = ० हे उत्तर गुपचूप गळून जाते. वर्गमूळ घेताना धन आणि ऋण दोन्ही किमती येतात. त्यातली कोणती ठेवायची हे उदाहरणाच्या अर्थावरून ठरवायचे, कारण तलावाची बाजू ऋण नसते. काही सूत्रांत एखादी राशी एकटी करताच येत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या मासिक हप्त्याच्या सूत्रातून मुद्दल सहज निघते, मुदत लॉगरिदम वापरून निघते. व्याजदर मात्र सहसा एकटा पडत नाही, कारण तो सूत्रात अनेक ठिकाणी आणि घाताखालीही अडकलेला असतो. हप्ता, मुद्दल आणि मुदत देऊन दर विचारला तर संगणकही आधी एक अंदाज घेतो, हप्ता काढून बघतो आणि अंदाज वरखाली सरकवत जातो.