आयुर्विमा आणि गंभीर आजार विमा : बडोद्यातील कौटुंबिक अर्थरक्षण

घरातील मिळवत्या व्यक्तीचा मृत्यू झाला किंवा मोठ्या आजारपणामुळे तिची कमाई थांबली, तरी कुटुंबाचा चरितार्थ, कर्जफेड आणि मुलांचे शिक्षण चालू राहावे यासाठी विम्याद्वारे केलेली तजवीज. आयुर्विम्याची रक्कम विमेदाराच्या मृत्यूनंतर घरच्यांना मिळते, तर गंभीर आजार विम्याची रक्कम पॉलिसीत नमूद केलेल्या आजाराचे निदान झाल्यावर विमेदाराला स्वतःलाच एकरकमी मिळते. रुग्णालयाच्या बिलापुरती भरपाई देणारा मेडिक्लेम या दोहोंहून निराळा आहे. बिल भागले तरी आजारी माणसाचा पगार बंद पडलेला असतो आणि घराचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातच असतो.

भारतात आयुर्विम्याचा व्यवसाय 1818 मध्ये कोलकात्यातील ओरिएंटल कंपनीपासून सुरू झाला. 1956 च्या जानेवारीत तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. गंभीर आजार विमा त्यामानाने अलीकडचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील हृदयशल्यविशारद डॉ. मरायस बर्नार्ड यांच्या पुढाकाराने 1983 मध्ये अशी पहिली पॉलिसी निघाली. आपल्या शस्त्रक्रियेने वाचलेले रुग्ण पुढे पैशाअभावी खचतात, हे त्यांनी पाहिले होते. त्या पॉलिसीत हृदयविकाराचा झटका, कर्करोग, पक्षाघात आणि बायपास शस्त्रक्रिया ही चारच संकटे धरलेली होती.

दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत विमा म्हटले की बहुधा एंडोमेंट किंवा मनीबॅक पॉलिसी समोर येते. मुदतीनंतर पैसे परत मिळतात म्हणून ती घेतली जाते. मुलीच्या लग्नाची बचत आणि विमा अशी दोन्ही कामे तिच्याकडून अपेक्षिलेली असतात. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते मोठी गफलत येथेच होते, कारण अशा पॉलिसीच्या हप्त्याचा बराचसा भाग बचतीकडे जातो आणि विम्याची रक्कम तुटपुंजी राहते. केवळ मृत्यूची जोखीम घेणाऱ्या मुदत विम्यात (टर्म पॉलिसी) मुदत संपल्यावर सहसा काहीही परत मिळत नाही, पण त्याच हप्त्यात कितीतरी पट संरक्षण मिळते.

उदाहरणादाखल मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर असलेल्या, मांजलपुरात कर्जाने सदनिका घेतलेल्या गृहस्थाचे घर घेऊ. घरखर्च दरमहा 40,000 रुपये आहे. त्याच्या पश्चात तो 32,000 रुपयांवर येईल असे धरले, तर वर्षाचे 3,84,000 आणि धाकटे मूल मिळवते होईपर्यंतच्या 15 वर्षांचे 57,60,000 रुपये होतात. (गुंतवलेल्या रकमेवरील व्याज आणि महागाई येथे ढोबळमानाने एकमेकांना फिटवली आहेत.) गृहकर्जाचे 18 लाख आणि दोन मुलांच्या शिक्षणाचे 20 लाख मिळवून बेरीज 95,60,000 होते; भविष्यनिर्वाह निधी व ठेवींचे 10 लाख वजा केल्यावर सुमारे 86 लाखांचा विमा लागतो. याच घरात कपाटातल्या फाइलीत फक्त 5 लाखांची एंडोमेंट पॉलिसी असेल, तर ती रक्कम कर्ज आणि शिक्षण बाजूला ठेवूनही जेमतेम 15 महिने पुरेल. हप्ता किती झेपेल यावरून विम्याची रक्कम न ठरवता आधी असा हिशेब मांडणे, आणि तो पत्नीसमोर मांडणे, अत्यंत आवश्यक आहे.

गंभीर आजार विम्याची रक्कम वेगळ्या हिशेबाने ठरते. उपचार आणि विश्रांतीत दोन वर्षे कमाई थांबली असे मानले, तर वरील घराला 40,000 चा खर्च आणि 18,000 चा कर्जहप्ता मिळून 24 महिन्यांत 13,92,000 रुपये लागतात. हा विमा स्वतंत्र पॉलिसी म्हणून किंवा आयुर्विम्याला जोडलेला रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जादा हप्ता भरून लावलेले पूरक संरक्षण, म्हणून घेता येतो. रायडरच्या काही प्रकारांत आजारापोटी दिलेली रक्कम मूळ मृत्यूविम्यातूनच वजा होते. मग आजारातून न उठलेल्या माणसाच्या घरी नंतर अपेक्षेपेक्षा कमी पैसे येतात. हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

या विम्यात खरा तंटा व्याख्यांवरून होतो. प्रमुख आजारांच्या प्रमाण व्याख्या विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिल्या आहेत आणि त्या बोलीभाषेतील अर्थापेक्षा बऱ्याच काटेकोर आहेत. उगमस्थानापुरता मर्यादित, आसपासच्या ऊतींत न शिरलेला अगदी आरंभीचा कर्करोग प्रमाण व्याख्येत बसत नाही. पक्षाघातानंतर मज्जासंस्थेतील कायमस्वरूपी बिघाड किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, तर मूत्रपिंडे निकामी होण्यात नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज पाहिली जाते. छातीत दुखले, अँजिओग्राफी झाली, एवढ्यावर झटक्याचा दावा मंजूर होत नाही; ईसीजीतील नवे बदल आणि रक्तातील विशिष्ट घटकांची वाढ दाखवावी लागते. याशिवाय पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारण 90 दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे त्या काळात निदान झालेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, आणि निदानानंतर ठरावीक दिवस, अनेक पॉलिसींत 30 दिवस, रुग्ण हयात असावा लागतो.

प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा मावा लपवण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘कशाला लिहायचे, हप्ता वाढेल’ असा सल्ला एखाद्या ओळखीच्या माणसाने दिला, तरी त्याची किंमत पुढे विधवेला मोजावी लागते. विमा अधिनियम 1938 च्या कलम 45 नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. त्याआधी मात्र खोटी माहिती दावा बुडवू शकते.

स्वतःचा कारखाना चालवणाऱ्या आणि बँकेला वैयक्तिक हमी दिलेल्या विवाहित पुरुषासाठी विवाहित स्त्रियांची मालमत्ता अधिनियम 1874 चे कलम 6 मोलाचे आहे. या कलमाखाली पत्नी व मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी त्यांच्यासाठीचा न्यास ठरते. धनकोंना फसवण्याच्या हेतूने घेतली नसेल तर तिच्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

नामनिर्देशनाकडे (विम्याचे पैसे कोणाच्या हाती द्यायचे याच्या नोंदीकडे) बडोद्यातील मराठी घरांनी विशेष लक्ष द्यावे. शाळेचा दाखला गुजरातीत, पॉलिसी इंग्रजीत, लग्नानंतर बदललेले नाव आणि वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ कुठे आहे, कुठे नाही, अशी स्थिती असली की दाव्याच्या वेळी एकाच व्यक्तीची दोन नावे सिद्ध करत बसावे लागते. लग्नापूर्वी आईच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर तसेच राहून जाणे हेही सर्रास घडते.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे. तेथे शुल्क किंवा वकील लागत नाही, आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईबाबत लोकपालाने दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.