दुचाकीच्या हेल्मेटवर कॅमेरा लावला की झालं?

म्हापसा-पणजी रस्त्यावर हेल्मेटला गोप्रो चिकटवून फिरणाऱ्यांत एक जुना समज आहे: याच हेल्मेटने स्कायडाइव्हही (विमानातून पॅराशूटसह मारलेली उडी) शूट करता येतं. नाही येत.

ते हेल्मेट दीड किलोच्या आसपास. पॅराशूट उघडतानाच्या झटक्यात सगळा भार मानेवर. हनुवटीपुढच्या जाड कडेमुळे छातीवरची पॅराशूटची हँडल्स दिसत नाहीत. पण खरा धोका अडकण्याचा. उभ्या दांडीवरच्या कॅमेऱ्यात पॅराशूटची दोरी गुंतली, तर ती थेट मानच ओढते. म्हणून कॅमेरा चपट्या माउंटवर, फटी टेपने बंद आणि हेल्मेटचा पट्टा एका हाताने झटकन सुटणारा हवा. वेळ आलीच तर हेल्मेट सोडून देता येतं.

तपासायला दोन मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी पुरते. तिचा फास हेल्मेटवरून सगळ्या दिशांनी ओढा. अडकेल तिथे पुन्हा टेप. चिकटपट्टीचा बेस लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, मग 24 तास हात लावू नका. (गोव्याच्या पावसाळी दमट हवेत तर घाई नकोच.)

200 उड्या होईपर्यंत कॅमेरा नको, अशी अमेरिकेच्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेची शिफारस आहे. टँडम उडीत (इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेल्या उडीत) चित्रण इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा कॅमेरा करतो, नाहीतर सोबत उडी मारणारा कॅमेरामन.