बेंबीतनं आतडं

निपाणीच्या आमच्या मामांचं मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आधी शर्ट वर करायला लावायचा. बेंबीपाशी दोन पेरांएवढी शिवण, बाकी पोट कोरं. "एवढ्या भोकातनं आतडं काढलं व्हय?" शेजारच्या आज्जींचा विश्वासच बसेना. त्यांच्या मालकांच्या पोटावर वीतभर व्रण आहे.

आपण ज्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो, त्यात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात आणि चार-पाच छिद्रांतून कॅमेरा व हत्यारं आत घालतात. पित्ताशय बारक्या छिद्रातून ओढून काढता येतं. आतड्याचं तसं नाही. गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचं निरोगी आतडं, सोबतची चरबी आणि लसिकाग्रंथी (आजार पसरू लागला की बहुधा आधी जिथे पोचतो त्या बारक्या ग्रंथी) असं सगळं अखंड बाहेर यावं लागतं. त्यासाठी शेवटी चार-पाच सेंटिमीटरचा छेद घ्यावाच लागतो. मग तोच सुरुवातीला घेऊन सगळं काम त्यातूनच का उरकू नये? एका छेदाच्या शस्त्रक्रियेमागचा विचार एवढाच. पित्ताशयासाठी हा खटाटोप मला बराचसा दिसण्यापुरता वाटतो. आतड्याच्या बाबतीत मात्र हिशेब पटतो. उजव्या बाजूचं मोठं आतडं असं काढल्याचे पहिले अहवाल २००८ साली छापून आले.

काम सोपं नाही. लोणच्याच्या चिंचोळ्या बरणीत दोन पळ्या घालून एकीनं फोड धरा आणि दुसरीनं खार बाजूला सारून पाहा. दांडे एकमेकांवर आपटतात. इथे तर त्याच तोंडातून कॅमेराही आत गेलेला असतो. नेहमीच्या पद्धतीत हत्यारं दोन बाजूंनी येऊन कॅमेऱ्यासमोर भेटतात. इथे सगळी समांतर. म्हणून वाकडी हत्यारं वापरतात. कधी ती छेदापाशी एकमेकांना ओलांडून जातात, मग उजव्या हातातलं हत्यार पडद्यावर डावीकडे दिसतं. छेदात बसवलेलं मऊ झाकण गॅस अडवतं, आणि तुकडा बाहेर काढताना जखमेला प्लॅस्टिकचं अस्तर असतं, गाठीचा स्पर्श कडांना होऊ नये म्हणून. गुदाशयाची गाठ ओटीपोटात खोल असते. तिथे आतडं कापून टाचणाऱ्या स्टेपलरला नीट कोन मिळत नाही, आणि सर्जन मुकाट्यानं आणखी एक छिद्र पाडतो. बेंबीच्या छेदातून पुढे हर्निया होण्याची धास्तीही असते.

ऑपरेशनच्या आधी मामा हटून बसले होते, "जास्त भोकं पाडणार न्हाई म्हणून लिहून द्या." डॉक्टरांनी साफ नकार दिला. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. गोकाकच्या सिस्टरनं तो मोडक्यातोडक्या मराठीत वाचून दाखवला. गरज पडली तर पोट उघडू, असं त्यात स्पष्ट होतं. मामांनी कुरकुरत सही केली.

आठवड्यानं काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी शिवणीकडे पाहिलंही नाही. बोट फिरवत थेट लसिकाग्रंथींच्या आकड्यावर आले. आजार किती पसरलाय हे ठरवायला निदान १२ तरी तपासलेल्या हव्यात. मामांच्या १७ निघाल्या, सगळ्या स्वच्छ. तो कागद मामींनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. मामा अजून शर्टच वर करून दाखवतात.